कंसातलं थांब

१

दारव्ह्याला शनिवारची शाळा सकाळची, म्हणून रेकॉर्डिंग शनिवारीच ठेवलेलं. साडेअकराच्या सुमाराला सलोनी दप्तरासकट जिना चढून यायची, माठातलं पाणी प्यायची, आईने पुढे केलेली बिस्किटं खायची आणि तोंड पुसून गादीखोलीत बाकावर जाऊन बसायची. नऊ वर्षांची पोर. घरी एका जागी पाच मिनिटं टिकायची नाही, पण माईकसमोर बसली की शहाण्या बाईसारखी बसायची.

गादीखोली हे नाव कपिलचं. हा स्टुडिओही त्याचाच. यवतमाळ रोडला एका कृषी केंद्राच्या डोक्यावर तीन खोल्या होत्या, त्यांतली शेवटची पूर्वी बियाण्यांची कोठी होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना काहीतरी मऊ लावावं लागतं. ते लावणारा नागपूरचा माणूस येतो येतो म्हणत दोन महिने आला नाही. मग कपिलने पिंजाऱ्याकडून चौदा गाद्या भरून घेतल्या आणि चारही भिंतींना उभ्या ठोकल्या. कापसाच्या मुलखात कापूसच कामी आला. त्या खोलीत बोललेला शब्द ओठांबाहेर पडला की तिथेच संपायचा. नवा माणूस आत गेला की विनाकारण हळू बोलायला लागायचा.

मुंबईच्या एका मुलांच्या चॅनेलसाठी इथे कार्टूनची मालिका तयार होत होती, ‘मोगीची सायकल’. अकरा अकरा मिनिटांचे तेरा भाग. मोगी ही दहा वर्षांची मुलगी बापाच्या उंच सायकलच्या नळीखालून पाय घालून, दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, असलेल्या एका लांब रस्त्याने शाळेत जाते, आणि वाटेत दर भागात काहीतरी घडतं. लिहायचं काम सलोनीची आई निशिगंधा करायची. लिहून झालं की सगळ्या पात्रांचे आवाज तीच एकदा कच्चे वाचून टेप करायची. त्या कच्च्या आवाजावर बबलू राठोड चित्रं हलवायचा. मग सलोनी ते हलतं चित्र बघत मोगीचा खरा आवाज द्यायची.

तिसऱ्या भागाच्या वेळी सलोनी वाक्याच्या मधेच एक शब्द जास्तीचा बोलली.

काचेच्या अलीकडे बसलेल्या निशिगंधाने बटण दाबलं. ते दाबलं की बाहेरचा आवाज आत ऐकू जायचा.

"हे कुठं लिहिलं हाये वं?"

"लिहिलं नाही. मोगी म्हणते ना."

"मोगी तिथं काही म्हणत नाही. तिथं ती गप्प हाये."

"नाही आई. तिचं तोंड पाह्य. थांब म्हणून राह्यली."

निशिगंधाने चित्र मागे घेतलं. मोगी सायकलचा ब्रेक लावते, एक पाय जमिनीवर टेकते, डावीकडे शेताच्या बाजूला बघते, आणि तिचे ओठ उघडून मिटतात. आवाज नव्हता, पण शब्द स्पष्ट होता. ‘ब’ला ओठ मिटतातच.

पंधरा वर्षं शाळेत वह्या तपासलेल्या बाईला मजकुराआधी चूक दिसते. आपल्या लिखाणात कोणीतरी आपल्याला न विचारता हात घातलाय, हे निशिगंधाला दिसलं आणि ती तडक मधल्या खोलीत गेली.

२

बबलू तिशीचा. दिग्रस रोडवरच्या एका तांड्यातला. हैदराबादला सहा वर्षं त्याने परदेशी कार्टूनांची फक्त तोंडं हलवली होती. तिकडच्या पोरांची तोंडं काढून काढून आपल्या पोरांची कशी असतात ते विसरून राह्यलो, असं म्हणत तो परत आला होता.

"मॅडम, तुमीच लिहिलं हाये," तो म्हणाला आणि त्याने कागद पुढे केला.

*मोगी: बाबाची सायकल हाये, पडली तं पडली. (थांब) मी नाही पडत.*

निशिगंधाने ते वाचलं आणि ती खळखळून हसली. राळेगावला कॉलेजात असताना गॅदरिंगची नाटकं बसवणारे सर असंच लिहायला शिकवायचे. कंसात ‘थांब’ म्हणजे इथे दम घे, मग पुढचं वाक्य. तिची ती सवयच होती.

"ते नटासाठी असते रे. मोगीनं म्हणायचं नाही ते."

"मले वाटलं, हळूच म्हणते."

"कोणाले म्हणंल? रस्त्यावर कोणी हाये का?"

"तोच तं प्रश्न मलेही पडला." बबलूने मान खाजवली. "माणूस थांब म्हणते तं कोणाले तरीच म्हणते. म्हणून म्या तिले डावीकडं दूर पाह्यला लावलं, चौकटीच्या बाहेर. कोण हाये ते तुमी पुढच्या भागात सांगसान, असं समजलो."

कपिल हे ऐकून इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. ध चा मा झाला होता, इतकंच. पहिले दोन भाग तसेच मुंबईला गेलेही होते. जाऊ दे, असं ठरलं, आणि निशिगंधाने सलोनीचा तो शब्द टेपमधून पुसून टाकला.

३

गोष्ट तिथेच मिटली असती, पण पुढच्या आठवड्यात चॅनेलच्या बाईंचा फोन आला. "मोगी मधेच थबकून बाजूला बघते ना, ओठ हलवते, ते फार गोड आहे. प्रत्येक भागात ठेवा. कुणाची कल्पना?"

कपिल भोळा माणूस. "आमच्या बबलूची," तो म्हणाला.

निशिगंधा समोरच बसली होती. तिला ते लागलं. चुकीला कल्पना म्हणायची रीत तिला नवी होती. त्यातच चार दिवसांनी कळलं की बबलूने कपिलकडे शब्द टाकलाय, मालिकेच्या सुरुवातीला येणाऱ्या नावांच्या पाटीवर ‘कथा’ या शब्दाखाली आपलंही नाव यावं. आयत्या बिळावर नागोबा, असं ती कपिलला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. मोगी तिने घडवली होती. मोगीचं बोलणं, तिची जिद्द, तिची कुलूप न लागणारी पेटी, सगळं निशिगंधाच्या स्वतःच्या लहानपणातून आलेलं. ते दुसऱ्याच्या नावावर चढताना बघणं तिला जमणारं नव्हतं.

तेव्हापासून ती बबलूवर नजर ठेवून राहिली. तो दुपारी आईशी फोनवर बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायचा. निशिगंधाला त्यातला एक शब्द कळायचा नाही. न कळणारी बोली आपल्याबद्दलच चालली आहे, असं संशयी माणसाला वाटतंच. ती आली की तो संगणकाच्या पडद्यावरचं काम झाकतो, असंही तिला वाटायला लागलं. वाटतं म्हणजे असतंच असं नाही, हे तिला शाळेतल्या पोरांना सांगता यायचं, स्वतःला नाही.

लिहिताना मात्र ती कंसात ‘थांब’ लिहीतच राहिली. चॅनेललाच ते हवं होतं, करणार काय.

४

सहावा भाग तपासताना तिला वाटलं की मोगीची मान जरा वर आहे. आठव्या भागात वाटण्याचा प्रश्नच उरला नाही.

तिने कंपासपेटीतून पट्टी काढली आणि पडद्यावर धरली. पहिल्या भागात मोगीची नजर पऱ्हाटीच्या शेंड्यांवरून सरळ जात होती. चौथ्यात भुवया थोड्या उचललेल्या. सहाव्यात हनुवटी फ्रॉकच्या कॉलरपासून सुटलेली. आठव्यात बुबुळाखालचं पांढरं दिसत होतं. शेतात उंच असं काही काढलेलंच नव्हतं. नुसतं आभाळ होतं, आणि मोगी त्यात काहीतरी बघून तोच शब्द म्हणत होती.

निशिगंधाला डाव कळला. हा गडी हळूहळू स्वतःचं एक पात्र आणतोय. आज नजर, उद्या सावली, परवा म्हणेल हे माझं, द्या नाव.

"हे काय वाढवून राह्यला तू?" तिने उभ्या उभ्या विचारलं.

बबलूने कानांवरचे हेडफोन काढले. त्याचा चेहरा चोराचा नव्हता, उलट तोच तिला निरखत होता.

"मी तुमालेच विचारणार होतो, मॅडम. माह्या मागं फाईल कोण उघडते?"

"मले ते उघडता तरी येते का?"

"मंग हे पाहा." त्याने मोगीचं ते बघणं पडद्यावर घेतलं. ते त्याने पहिल्या भागात एकदाच बनवलं होतं आणि जपून ठेवलं होतं. दर वेळी तेच उचलून चिकटवायचं, नव्याने काढायचं नाही, अशी त्यांची कामाची पद्धत. जपून ठेवलेल्या चित्रात नजर सरळ होती. "चिकटवतो तवा अशीच असते. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाह्यतो तं मान वर. मले वाटलं, तुमी कपिलभाऊले सांगून करवता. माहं काम बिघडलं दिसावं म्हणून."

दोघांनी एकदमच कपिलकडे बघितलं. तो दारात उभा राहून कोणाशी तरी फोनवर गाडीच्या टायरबद्दल बोलत होता. कपिलला सरळ रेघ काढता येत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. निशिगंधाने बबलूवर विश्वास ठेवला नाही, आणि बबलूने तिच्यावर ठेवला असं काही दिसलं नाही.

त्या संध्याकाळी घरी जाताना ती मोबाईलच्या टॉवरखालून गेली. चौकातून तो सरळ समोर दिसत होता. पायथ्याशी आल्यावर शेंडा बघायला मान मागे टाकावी लागली. मग तिच्या लक्षात आलं की मोगी बघते ती वस्तू उंच होत नाहीये. ती जवळ येतेय.

हे बबलूला सुचलं असेल तर पोरगा हुशार आहे, असं तिला कबूल करावं लागलं. त्याचा तिला अधिकच राग आला. पण घरापर्यंतच्या वाटेवर ती पऱ्हाटीच्या बाजूने चालली नाही, रस्ता ओलांडून पलीकडून गेली.

५

सलोनीची वेणी निशिगंधा सकाळी दारातल्या उन्हात बसून घालायची. नवरा राजूरला खाणीत, सुट्टीला यायचा. बाकी दिवस घरात मायलेकीच. एका सकाळी तिसरा पेड उचलला आणि तिच्या हातांना कळलं की पोरीचं डोकं डावीकडे वळून हळूहळू वर जातंय. कोणी हनुवटीला बोट लावून उचलावं तसं. ओठ हलले. मग डोकं पुन्हा सरळ झालं.

"कोणाशी बोलली?"

"कोणाशीच नाही."

"थांब म्हटलं ना तू?"

"सवय लागली मले," सलोनी म्हणाली, आणि रिबिनी मागायला हात मागे केला.

पोरं नक्कल करतात. निशिगंधाने शाळेत पाहिलं होतं, एकाने डोळे मिचकावायला सुरुवात केली की आठवड्यात अर्धा वर्ग मिचकावतो. तिने स्वतःला हे दोनदा सांगितलं. पण बोटांना जे कळलं होतं ते बोटांतून जाईना. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना तिने पोरीला डावा खांदा भिंतीला टेकवून बसवलं आणि तिकडे कोणी नाही म्हणून सांगितलं.

नवव्या भागाच्या रेकॉर्डिंगला तिने पडद्याऐवजी काचेतून पोरीकडेच लक्ष ठेवलं. पडद्यावर मोगी थबकली की सलोनी पडद्यावरून नजर काढायची आणि आपल्या डाव्या हाताच्या गादीकडे बघायची. गादीच्याही वर बघत असावी, इतकी मान वर.

काम झाल्यावर पोरीला बाहेर पाठवून निशिगंधा आत गेली. दार लागलं तसा रस्त्यावरच्या जीपांचा आवाज पुसला गेला आणि स्वतःचा श्वास कानाशी आला. डावीकडची गादी इतर गाद्यांसारखीच, निळ्या पट्ट्यांची. फक्त वरच्या अंगाला एक खळगा होता. हात पुरेना म्हणून ती बाकावर चढली. उशीवर डोक्याचा पडतो तसा, गोल आणि गुळगुळीत.

"कापूस बसते ताई," दार ढकलून कपिल म्हणाला. "उभी गादी हाये ना, कापूस खाली उतरते, वरचं पोकळ होते."

खरं होतं ते. बाकीच्या तेरा गाद्यांचा कापूस का उतरला नाही, हे तिने विचारलं नाही.

बाहेर सलोनी पायरीवर बसून दप्तराचा बंद चावत होती. निशिगंधा तिच्याशेजारी बसली.

"बबलूकाका तुले काही शिकवते का? तिकडं पाह्य म्हणून?"

"नाही."

"मंग काहून पाह्यते?"

"मोगी पाह्यते म्हणून."

"मोगीले दिसते ते तुलेही दिसते का?"

सलोनीने विचार केला. गणित घातल्यावर करायची तसा. "इकडून नाही दिसत," ती म्हणाली. "मधात गादी हाये ना."

६

आता निशिगंधाला पाटीवरच्या नावाची फिकीर उरली नव्हती, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण माणूस असं एका झटक्यात स्वच्छ होत नाही. तिला पोरीसाठी भीती वाटत होती आणि बबलूचा रागही येत होता, आणि दोन्ही एकमेकांना टेकून उभी होती.

बारावा भाग गेल्यावर बबलू स्वतःहून तिच्या टेबलापाशी आला. हातात सगळ्या भागांचे कागद.

"मॅडम, रागावू नका, पण एक गोष्ट पाहा. सहाव्या भागात तुमी अकरा वेळा थांब लिहिलं. त्या भागात पयल्यापासून शेवटपर्यंत मान तेवढीच. नवव्यात गप्पा लय होत्या, थांब दोनदाच. तिथं मान एकदम वर गेली. बाराव्यात तीनदा. पाह्यलं ना काय झालं ते?"

बाराव्यात मोगीची मान पार मागे पडली होती. गळ्याची रेघ ताणलेली दिसत होती.

"मोगीनं थांब म्हटलं की थांबते," बबलू म्हणाला. "म्हटलं नाही की चालते."

"काय चालते?"

"मले काय मालूम. म्या तं त्याले काढलंच नाही. तुमी बी लिहिलं नाही." त्याने कागद सरळ करून टेबलावर ठेवले. "आपल्या दोघांच्या मधातून आलं ते."

त्याचा आवाज खरोखरच घाबरलेल्या माणसाचा होता. निशिगंधाने तो ऐकला, पण मनात घेतला नाही. आपली नजर, आपली मान, आपलं थांब, हे मालिकेतलं सगळ्यात मोठं असं हा पटवून देतोय, हेच तिला त्यात ऐकू आलं.

"शेवटच्या भागात एकही थांब नाही," ती म्हणाली. "मुंबईवाल्या बाईले मी सांगीन काय सांगायचं ते. मोगी कुठं पाह्यणार नाही, तं माही पोरगी पाह्यणार नाही. किस्सा खतम."

"एक तरी ठेवा. शेवटी ठेवा."

"काहून?"

"शेवटचं थांब नसलं तं ते थांबन कुठं?"

ती उठली. घरी जाऊन तिने तेरावा भाग लिहिला. मोगी शर्यतीत सायकल चालवते, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत बडबडत राहते, कुठे श्वास घ्यायला जागा नाही. लिहिताना सवयीने हात कंसाकडे चार वेळा गेला. चारही वेळा तिने लाल पेनाने खोडलं. पोरीसाठी करतेय, असं तिने मनाशी म्हटलं. ते खोटं नव्हतं. बबलूची जिरवायची होती, तेही खोटं नव्हतं.

बबलूने वाद घातला नाही. "तुमचं लिहिणं, तुमचा शब्द. बनवून देतो. पण रेकॉर्डिंगला मी येत नाही," एवढंच तो म्हणाला. त्याने भाग वेळेच्या आधी दिला आणि दुपारच्या जीपने तांड्यावर निघून गेला. जाताना सलोनीसाठी त्याने मोगीचं एक चित्र ठेवलं होतं, पाठमोरं. निशिगंधाने ते पोरीला दिलं नाही.

७

शेवटच्या शनिवारी स्वच्छ ऊन होतं. खाली कृषी केंद्रात फवारणीचे पंप घ्यायला माणसं जमली होती आणि कोणीतरी एकच पंप पुन्हा पुन्हा मारून बघत होतं. सलोनी पाणी प्यायली, बिस्किटं खाऊन आत जाऊन बसली. कपिल म्हणाला, चहा सांगून येतो. निशिगंधाने दार लावून घेतलं, हेडफोन चढवले आणि सुरू केलं.

मोगी सुटली. सलोनीने तिला असं पकडलं की निशिगंधाला हसू आलं. पोर दम न घेता बोलत होती, चढाला आवाज ओढत होती, उताराला उधळत होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. पडद्यावर मोगी डावीकडे बघत नव्हती. काचेपलीकडे सलोनीही बघत नव्हती. चार मिनिटं झाली तेव्हा निशिगंधाच्या खांद्यांवरचं दोन महिन्यांचं ओझं उतरलं. तिला बबलूची दयासुद्धा आली. पाटीवर घालू त्याचं नाव, बिचाऱ्याने राबून केलंय, असं तिच्या मनात आलं. आनंद झाला की माणसाला औदार्य परवडतं.

सहाव्या मिनिटाला हेडफोनमध्ये एक आवाज आला. अंगाखालची गादी सुटते आणि कापूस फुगतो, तो मऊ आवाज. सलोनीच्या आवाजाखालून आला आणि गेला.

निशिगंधाने काचेतून बघितलं. डावीकडच्या गादीतला खळगा नव्हता. निळे पट्टे सरळ खालपर्यंत येत होते.

सलोनी बोलतच होती. नजर पडद्यावर, वाक्य बरोबर, सूर बरोबर. बोलता बोलता ती बाकावर उजवीकडे सरकली. एसटीत नवीन माणूस चढला की आपण सरकतो, तेवढीच. मग तिने आपल्या फ्रॉकचा घेर डाव्या बाजूने गोळा केला आणि मांडीखाली खोचला, कोणाच्या खाली दबू नये म्हणून.

बाक मधोमध जरासा वाकला.

निशिगंधाचं बोट बटणावर कधी गेलं ते तिला कळलं नाही. घशातून एकच शब्द निघाला.

"थांब."

सलोनी अर्ध्या शब्दावर थांबली. गुणी पोर, सांगितलेलं ऐकणारी. पडद्यावर मोगी आवाजाशिवाय तोंड हलवत पुढे गेली. खोलीत दुसरं काही हललं नाही. सलोनीने काचेकडे बघितलं. ती घाबरलेली नव्हती, फक्त तिला नीट कळलं नव्हतं.

"आई, मले म्हणून राह्यली का याले?"

दोन महिने निशिगंधा सगळ्यांना सांगत आली होती की तिथे कोणी नाही. बबलूला सांगितलं होतं, कपिलला सांगितलं होतं, पोरीला भिंतीला टेकवून सांगितलं होतं. बोट अजून बटणावरच होतं. पोरीला म्हणते म्हणावं, तर त्याला कोणीच काही म्हटलं नाही असं होणार होतं.

"त्याले," ती म्हणाली. "त्याले सांग, थांब म्हणावं."

सलोनी डावीकडे वळली. या वेळी तिची मान वर गेली नाही. नजर सरळ होती, शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी. तिने तो शब्द हळूच म्हटला. मग मोठ्या माणसाचं ऐकतात तशी थोडा वेळ ऐकत राहिली.

"नाही म्हणते," ती काचेकडे तोंड करून म्हणाली. "लय थांबलो म्हणते." आणि ती आणखी थोडी सरकली.